शिक्का नसलेली पखाल

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश किंवा हिंदी सैनिकाच्या कमरेची पाण्याची बाटली जाणकार संग्राहकाच्या हाती आली, की काही मिनिटांत तो तिची कुंडली मांडतो. पत्रा लोखंडी, वरून निळसर मुलामा, एक बाजू आत वळलेली, म्हणजे ती कुशीवर नीट बसावी. तोंडाला बूच आणि ते हरवू नये म्हणून दोरी. वर खाकी लोकरी नमद्याचा शिवलेला अंगरखा. हा अंगरखा भिजवून ठेवला की माठासारखा झिरपत राहतो आणि आतलं पाणी निवतं. ही 'मार्क सहा' बाटली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली, मावतं दोन पाइंट, म्हणजे सव्वा लिटरहूनही थोडं कमी. ती ज्या पट्ट्यांच्या जाळीत अडकवायची ती जाळी विणलेल्या सुती पट्ट्यांची असेल तर १९०८चा नमुना, चामड्याची असेल तर बहुधा १९०३चा. चामड्यावर रुंद बाणाची खूण आणि तिच्याखाली 'आय' हे अक्षर असलं तर माल हिंदुस्थान सरकारचा. साल आणि कारखान्याची अक्षरं वाचता आली तर उरलंसुरलंही कळतं. मुलाम्याचा कुठे टवका उडाला आहे, नमदा मूळचा की नंतर चढवलेला, बूच त्याच काळातलं की दुसऱ्या बाटलीचं, हे सगळं तो बोटांनी ओळखतो. ही विद्या खरी आहे आणि कष्टाने कमावलेली आहे. जुन्या छायाचित्रातली पलटण कोणती, काळ कोणता, हे ठरवताना इतिहासकारांना पुष्कळदा अशाच माणसांच्या ज्ञानाचा आधार घ्यावा लागतो.

असं असूनही, हिंदुस्थानातल्या फौजांपुरतं बोलायचं तर, सैनिकी सामानाचा असा संग्रह कितीही निगुतीने केला तरी तो एका मूलभूत बाबतीत आपली दिशाभूल करतो. पाणी प्यायचं साधन म्हणून तो बाटली दाखवतो. फौज मात्र प्यायली पखालीतून, मशकीतून, छागलीतून आणि स्वतःच्या लोट्यातून. बाटलीवर सरकारचा शिक्का होता म्हणून ती मोजली गेली, जपली गेली आणि पुढे विकली गेली. बाकीच्या वस्तूंवर शिक्का नव्हता, किंवा होता तरी तो वाचण्याची कुणाला गरज वाटली नाही. फौजेच्या इतिहासातले सर्वांत स्फोटक प्रसंग मात्र या बिनशिक्क्याच्या वस्तूंभोवतीच घडलेले दिसतात. म्हणून संग्रहाची दृष्टी बदलायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आधी साधा हिशेब मांडू. हिंदी पायदळाच्या पलटणीत तेव्हा सुमारे साडेसातशे शिपाई असत. प्रत्येकाची बाटली काठोकाठ भरली तरी सगळ्या पलटणीकडे मिळून साधारण साडेआठशे लिटर पाणी झालं. उन्हातान्हात ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला पिण्यापुरतंच दिवसाकाठी पाचेक लिटर लागतं असं धरलं, तर गरज पावणेचार हजार लिटरची. बाटल्या तिचा जेमतेम चौथा हिस्सा भागवतात. स्वयंपाकाचं, जखमींचं, मशिनगन थंड ठेवण्याचं पाणी यात धरलेलंच नाही, आणि एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर लागतं ते वेगळंच. म्हणजे कमरेची बाटली ही पाण्याच्या लांबलचक साखळीची अगदी शेवटची कडी. मागची साखळी तुटली तर तिचा काही उपयोग नाही. २८ सप्टेंबर १९१५ रोजी इराकमध्ये कुतजवळच्या एस सिन्न इथे हेच घडलं. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमधल्या दोन ब्रिगेडी जनरल डेलामेन यांच्या नेतृत्वाखाली तुर्कांच्या बगलेवर जाण्यासाठी रात्रभर चालल्या आणि दिवसभर लढल्या. त्यांत १०३वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा या आपल्याकडच्या पलटणीही होत्या. आसपास दलदल होती, पण तिचं पाणी खारट. टायग्रिस नदी दूर राहिलेली. लढाई जिंकली, मोर्चे हाती आले, पण माणसं आणि जनावरं तहानेने इतकी गळून गेली होती की माघार घेणाऱ्या शत्रूचा त्याच दिवशी पाठलाग करून त्याला मोडणं शक्य झालं नाही. तुर्की सेना निसटली आणि पुढे नोव्हेंबरमध्ये टेसिफोनला पुन्हा उभी ठाकली. त्यानंतर कुतचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ची शरणागती, हा पुढचा घटनाक्रम सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी प्रत्येकाच्या कमरेला बाटली होती. कमी पडलं ते मागून पाणी आणून देणारं सामान आणि ते आणणारी माणसं.

ती माणसं कोण होती? हिंदुस्थानातल्या फौजेत लढणाऱ्यांपेक्षा मागून चालणाऱ्यांची संख्या जास्त असणं ही एकोणिसाव्या शतकात नेहमीची गोष्ट. १८३८-३९ साली अफगाणिस्तानवर निघालेल्या 'आर्मी ऑफ द इंडस'च्या बंगाल फौजेतल्या तुकडीत साडेनऊ हजार सैनिक होते आणि त्यांच्यामागे सुमारे अडतीस हजार बाजारबुणगे, तीस हजार उंट. या गर्दीत पाणी वाहणारे भिस्ती आणि पखाली असत. भिस्त्याची मशक म्हणजे बकऱ्याचं अख्खं कातडं. पोटावर चीर न देता ते मोज्यासारखं उतरवायचं, बाभळीच्या सालीत कमवायचं, पायांची टोकं बांधून तिथे खांद्याचा पट्टा अडकवायचा, आणि मान हे तिचं तोंड. ते तोंड मुठीत दाबून धरलं की पाण्याची धार हवी तेवढी बारीक करता येते. धावपळीत, अंधारात, आडव्या पडलेल्या जखमी माणसाच्या तोंडात थेंबभरही न सांडता पाणी सोडता येतं ते याच मुठीमुळे. भरलेल्या मशकीत पंचवीस-तीस लिटर पाणी, म्हणजे एका भिस्त्याच्या पाठीवर वीस-पंचवीस शिपायांच्या बाटल्या. पखाल याहून मोठी, जनावराच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी. महाराष्ट्रात ती रेड्यावर असे, म्हणून तर रेड्याच्या दुखण्यासाठी पखालीला डाग देण्याची म्हण आपल्याकडे पडली. मोट आणि पखाल ही दोन्ही कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाच्या हातची कामं. पुढे फौजेसाठी खेचरांवर लादायच्या पत्र्याच्या पखाली आल्या, पण नाव तेच राहिलं. कॅनव्हासची छागल तर दुसऱ्या महायुद्धानंतरही जीपगाड्यांना टांगलेली दिसे. या प्रत्येक वस्तूमागे बनवणारा, वाहणारा आणि त्यातून पिणारा अशी तीन माणसं उभी असत आणि तिघांमध्ये जातीचं, पगाराचं, दर्जाचं अंतर होतं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानने सरकारी आकड्यांनुसार सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ माणसं भरती केली आणि जवळजवळ ५ लाख ६३ हजार बिगरलढाऊ. राधिका सिंघा यांनी २०२० साली आलेल्या 'द कूलीज ग्रेट वॉर' या ग्रंथात याच दुसऱ्या आकड्यातल्या माणसांचा इतिहास लिहिला. शंभर वर्षं त्यांच्याबद्दल इतकं थोडं लिहिलं गेलं, त्याचं एक कारण हेही आहे की त्यांच्या हातातल्या वस्तू कुणी जपल्या नाहीत.

आता लोट्याकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत वरच्या जातींच्या शिपायांचा भरणा मोठा होता. चामड्याच्या मशकीतलं पाणी त्यांना चालत नसे. तेव्हा आपला पितळी लोटा आणि विहिरीतून पाणी शेंदायला दोरी, शिवाय स्वतःची स्वयंपाकाची भांडी, हा संसार शिपाई बरोबर बाळगी. सरकारने दिलेल्या सामानाच्या यादीत हा संसार नव्हता, पण तो उचलल्याशिवाय फौज एक मुक्कामही पुढे जात नसे. १८२४ साली पहिलं ब्रह्मी युद्ध सुरू असताना कलकत्त्याजवळ बराकपूरला ४७व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीला कूच करण्याचा हुकूम झाला. एरवी ही भांडीकुंडी वाहायला बैल मिळत. शिपाई त्यांचं भाडं पदरचं भरत. युद्धामुळे बैल मिळेनासे झाले. पाठीवरच्या पिशव्यांत ही भांडी मावेनात, आणि त्या पिशव्यांचेही पैसे शिपायांच्याच पगारातून कापले जात. वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या, त्यांची दाद लागली नाही, आणि पलटण हट्टाला पेटली. २ नोव्हेंबरला सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट यांनी परेडवर उभ्या असलेल्या या पलटणीवर तोफा डागल्या. पळणाऱ्यांचा पाठलाग झाला, पुढारी बिंदी तिवारी फासावर गेला आणि ४७ हा पलटणीचा क्रमांकच सैन्याच्या यादीतून पुसून टाकण्यात आला. इतिहासाच्या पुस्तकांत याची कारणं देताना समुद्र ओलांडण्याची भीती, धर्म बुडण्याची भीती असं बरंच काही येतं, आणि ते खोटंही नाही. पण भांडणाला तोंड फुटलं ते पाठपिशवी, पितळी भांडी आणि बैल यांवरून. सैनिकी सामानाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा प्रसंग मला दुसरा आठवत नाही, आणि सामान गोळा करणाऱ्यांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

दुसरा प्रसंग सर्वश्रुत आहे. जानेवारी १८५७, दमदमचा शस्त्रकारखाना. तिथे काम करणारा खालच्या मानलेल्या जातीचा एक खलाशी एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातलं पाणी मागतो. शिपाई नकार देतो. त्यावर खलाशी त्याला सुनावतो की गाईडुकरांची चरबी लावलेलं नवं काडतूस दातांनी तोडावं लागलं की तुझी जात कुठे राहणार? अधिकाऱ्यांनी हे वरिष्ठांना कळवलं आणि तो अहवाल दप्तरात आहे. त्या संभाषणातला नेमका शब्दन् शब्द कसा होता यावर वाद घालता येईल. काडतुसाची बातमी दुसऱ्या वाटेनेही पसरली असती, हेही खरं. तरी ती पसरली तेव्हा लोट्याच्या गोष्टीतून पसरली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येक शिपायाला लोटा नाकारणं म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. ते एनफिल्ड बंदुकीचं काडतूस आज जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहे. शिपायाचा लोटा मात्र 'सैनिकी वस्तू' म्हणून कुठे मांडलेला सापडणं कठीण, कारण तो घरातल्या लोट्यापेक्षा वेगळा दिसत नाही. मुंबई फौजेत जातींची सरमिसळ अधिक होती आणि सोवळंओवळं कमी, असं त्या काळचे अधिकारी लिहून गेले आहेत. तरीही मराठी शिपायाच्या बिऱ्हाडात फिरकीचा तांब्या असणारच, कारण प्रवासाला निघालेल्या कुठल्याही मराठी माणसाकडे तो असे. झाकणाला आटे, वर कडी, हेंदकाळलं तरी पाणी सांडत नाही. सरकारी बाटलीचं सगळं काम करणारी ही वस्तू आज शोभेची म्हणून विकली जाते आणि ती कोणत्या छावणीत, कोणत्या मुलखात फिरून आली हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. कातडं कुजतं, कॅनव्हास फाटतं, पितळ मोडीत जातं, मुलाम्याचं लोखंड राहतं. टिकलं ते जमा झालं, यात संग्राहकाचा काय दोष? आक्षेपात तथ्य आहे. ओलसर कातडं आपल्या हवेत फार वर्षं राहत नाही आणि पाण्याचं कातडं तर कायमच ओलं. पण हे उत्तर पुरं पडत नाही. कानपूरच्या सरकारी जीन-सामानाच्या कारखान्यात आणि तिथल्या कूपर ॲलनसारख्या कंपन्यांत बनलेलं चामडी सामान, काडतुसांचे पट्टे, खोगिरं, बाटलीच्या जाळ्या, हे सगळं शंभर वर्षांनंतरही संग्राहकांकडे आहे, कारण कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं तेल चोळलं. बाटलीचा नमदा तर कसरीचं आवडतं खाद्य. तोही टिकला, कारण जपला. १८७९च्या झुलू युद्धाच्या काळातल्या ब्रिटिश सैनिकांच्या लाकडी बाटल्याही आज पाहायला मिळतात. उलट पत्र्याची पखाल ही बाटलीपेक्षा दणकट वस्तू, पण ती जमवणारा विरळा. तेव्हा वस्तू टिकते ती नुसती तिच्या धातूमुळे टिकत नाही. तिला किंमत आहे असं कुणाला तरी वाटावं लागतं, आणि ते वाटणं शिक्क्यावरून ठरत आलं आहे.

शिक्क्याला हे महत्त्व कसं आलं तेही पाहण्यासारखं आहे. सैनिकी वस्तू जमवण्याचा छंद मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो सरकारांनी जुना माल विकायला काढल्यावर. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यावर फ्रान्सिस बॅनरमन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने असा माल लिलावांत घाऊक विकत घेतला, १८९८च्या स्पेनशी झालेल्या युद्धानंतर आणखी घेतला, आणि तो ठेवायला हडसन नदीतल्या बेटावर किल्ल्यासारखी वखार उभारली. त्याची सचित्र सूचिपत्रकं घरोघर गेली आणि वस्तू ओळखण्याची भाषाच त्यांतून घडली. कोणता नमुना, कोणतं साल, कोणतं कोठार. यादवी युद्धातली सैनिकाची बाटली म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या दोन वाट्या तोंडाला तोंड जोडून केलेली, १८६२पासून फिलाडेल्फियाच्या कोठारातून आलेली वर्तुळाकार वळ्यांची. त्या सैनिकाच्या बाबतीत बाटली जमवणाऱ्याची फारशी फसवणूक होत नाही, कारण तो ओढ्यावर जाऊन आपली बाटली आपण भरत असे, मोडली की तिचे दोन भाग करून एकाचा तवा करत असे, आणि पत्र्यावर आपलं नाव कोरून ठेवत असे. वस्तू आणि माणूस यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं. आपल्याकडे होतं, आणि संग्रहाची भाषा मात्र आपण जशीच्या तशी उचलली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने 'डिस्पोजल'चा माल काढला, तो मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात वर्षानुवर्षं विकला गेला. त्यात बाटल्या, पिठ्ठू, पट्टे, तंबू होते, म्हणजे कोठारात ज्याची नोंद होती ते सगळं. भिस्त्याची मशक कोठाराच्या नोंदीत असलीच तरी वापरून फाटली की फेकून द्यायची वस्तू होती. शिवाय शिक्क्यावर विसंबण्यात आता एक मोठा धोका आहे. सिनेमांसाठी आणि जुन्या लढायांचे देखावे उभे करणाऱ्या मंडळांसाठी नव्या बनावटीच्या बाटल्या, पट्टे, पिशव्या सर्रास होतात, आणि त्यांवर मारलेला बाण आणि साल ही नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट. एका बाटलीला दुसरीची जाळी आणि तिसरीचं बूच जोडून 'अस्सल संच' तयार करणंही नवीन नाही. ज्या खुणेवर सगळा विश्वास तीच जर सर्वांत सहज उठवता येत असेल, तर पुरावा दुसरीकडे शोधणं भाग आहे. वस्तू कोणाच्या घरातून आली, ती कोणी वापरली, तिच्याबरोबर आणखी काय होतं, तिथे शोधावा लागेल.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की भिस्त्याला इतिहासाने विसरलेलं नाही. किपलिंगची 'गंगा दीन' ही कविता १८९०ची, तिच्यावरून १९३९ साली हॉलिवुडने चित्रपटही काढला. पण तिथे भिस्ती येतो तो साहेबाच्या आठवणीतला स्वामिभक्त माणूस म्हणून. त्याला पगार किती, मशक कुणाकडून येई, ती फाटली तर दुरुस्तीचे पैसे कुणाचे, त्याच्या हातचं कोण पीत असे आणि कोण नाही, हे प्रश्न त्या गौरवात विचारले जात नाहीत. वस्तू हाती असती तर ते आपोआप पुढे आले असते. थिगळं कुठे लावली आहेत, पट्टा कुठे झिजला आहे, शिवण कोणत्या हाताची आहे, यातून पुष्कळ वाचता येतं. तिसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: सैनिकी वस्तू जमवणं म्हणजे युद्धाचं कौतुक करणं. तलवारी आणि बंदुका भिंतीवर टांगणाऱ्यांबद्दल हे काही प्रमाणात म्हणता येईल. पाण्याच्या भांड्याबद्दल म्हणता येणार नाही. लढाईत माणसाचं शरीर किती हतबल असतं हे बंदुकीपेक्षा बाटली अधिक स्पष्ट सांगते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगावात कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून आली आणि दिवसभर लढली, तेव्हा त्या दिवसाचे वृत्तान्त तोफांइतकंच तहानेबद्दल बोलतात. नदी जवळच होती, पण तिथवर जायची वाट अडवलेली होती. पाणी हाती लागलं ते संध्याकाळ झाल्यावर. लढाईचं मोल कोणी कसंही करो, त्या दिवसाच्या वर्णनातून पाणी वगळता येत नाही.

आणि इथे हा विषय लढाईच्या पलीकडे जातो. बाटली कितीही चांगली असो, ती भरायची कुठे हा प्रश्न बाटलीत सुटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालचा प्रसंग सांगितला आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदार रामजी सकपाळांची मुलं साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली आणि बैलगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली. बरोबर खाण्याच्या पदार्थांची टोपली भरलेली होती. वाटेत कुणी त्यांना पाणी दिलं नाही. जकातनाक्यावरही मिळालं नाही. पाण्यावाचून अन्न गिळता येईना म्हणून ती मुलं भरल्या टोपलीशेजारी उपाशी झोपली. ज्या माणसाने आयुष्य पलटणीत काढलं त्याच्या मुलांची ही स्थिती. महार सैनिकांच्या वस्तू जमवणाऱ्याने हा प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय त्या वस्तूंचा अर्थ लागणार नाही. छावणीत पाणी कुणाकडून कुणाला मिळत होतं आणि छावणीबाहेर पडल्यावर ते का मिळेनासं झालं, हा महाराष्ट्राच्या सैनिकी इतिहासातला अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो बिनशिक्क्याच्या भांड्यांमधूनच विचारता येतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे मागितलं गेलं ते आणि दमदमच्या कारखान्यात जे नाकारलं गेलं ते, दोन्ही ओंजळभर पाणीच होतं.

मग संग्राहकाने काय करावं? बाटल्या जमवणं सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्या जमवताना धरलेली शिस्त, म्हणजे सालं, कारखाने, बनावटीतले बारीक फरक, हीच शिस्त पखाल, छागल, लोटा आणि फिरकीच्या तांब्याला लावावी. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू संग्रहालयात आणून बसवल्या तेव्हा त्यांचंही मोल आधी कुणी मानत नव्हतं. बाटली घासून चकचकीत करू नये, कारण मळ, डाग, दुरुस्त्या हा पुरावाच असतो. एकत्र सापडलेल्या वस्तू वेगळ्या विकू नयेत. आणि एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवावी: १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगीरीत्या परदेशी विकता येत नाही. पहिल्या महायुद्धातलं सामान आता त्या मर्यादेपलीकडे गेलं आहे.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र संग्राहकांपेक्षा घरांची आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवणारी गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागलं आहे. अशा गावांतल्या माळ्यांवर, पेट्यांत अजूनही काही ना काही असेल. मोडीवाला दारात येण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा तांब्या कुणाचा, ही पिशवी कुठून आली, आजोबांबरोबर पाणी वाहायला कोण होतं. जे सांगतील ते तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद त्या वस्तूपासून कधीही वेगळा करू नका.